युरोपातील पक्षांचे पडके वाडे

२०२५ च्या ऑक्टोबरात भाऊबीज आटोपली आणि चकली-कडबोळ्यांचे दोन डबे घेऊन मी हॉलंडात पुतण्याकडे गेलो. तो आयंडहोवन गावी इंजिनीयर आहे. मुक्काम जेमतेम तीन आठवड्यांचा. पण योग असा की, मी पोचलो आणि चारच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, तेथे संसदेची सार्वत्रिक निवडणूक होती. पाहुणा म्हणून सहज कुणाकडे जावे आणि नेमके घरात लग्न निघावे, तसे झाले!

निवडणूक म्हटली की माझे पाय घरात ठरत नाहीत. उमेदीची बारा वर्षे मी एका पक्षाचे काम केले आहे. सायकलच्या दांडीला खळीची बादली अडकवून रात्र रात्र पत्रके चिकटवली आहेत, पहाटे चहाच्या टपरीवर त्याच खळीच्या हातांनी पाव खाल्ला आहे. त्या पक्षाचे नाव येथे सांगत नाही; त्याची हकिगत शेवटी ओघाने येईलच.

आयंडहोवनात मात्र ना कर्णे, ना मिरवणुका. चौकात एक मोठी फळी उभी केलेली, तिच्यावर सगळ्या पक्षांची भित्तिपत्रके एकाच मापाची, रांगेने चिकटवलेली. पुतण्या म्हणाला, “काका, इथली निवडणूक अशीच. कळतसुद्धा नाही कधी झाली ते.” पण शेजारच्या घरात ऐंशीच्या घरातले एक डच गृहस्थ राहतात. मला राजकारणाचे वेड आहे हे कळताच ते म्हणाले, “मग चला माझ्याबरोबर.” तेथे मतदान कसे चालते हे पाहायला कुणालाही मज्जाव नसतो. मी कोट चढवून निघालो.

मतदान एका शाळेत होते. म्हाताऱ्यांच्या हाती जो कागद दिला, तो पाहून मी थक्क झालो. जेवणाच्या टेबलावर अंथरावा एवढा मोठा! पंचवीसहून अधिक पक्ष आणि प्रत्येकाच्या उमेदवारांची नावे खाली मुंगीच्या रांगेसारखी. आडोशाला जाऊन त्यांनी लाल पेन्सिलीने एक गोल भरला आणि धोतराच्या घड्या घालाव्यात तशा त्या कागदाच्या घड्या घालून तो पेटीत लोटला.

परतताना मी विचारले, “कुणाला दिलेत ते विचारत नाही, पण एवढ्या गर्दीतून निवडलेत कसे?”

ते हसले. म्हणाले, “माझ्या वडिलांना कधी निवडावेच लागले नाही. आम्ही कॅथलिक, आमचा पक्ष ठरलेला. मी मात्र गेल्या पाच निवडणुकांत चार पक्ष फिरून आलो. घर गेलेल्या भाडेकरूसारखा.”

ते वाक्य माझ्या मनातून पुढे तीन आठवडे गेले नाही. युरोपातील लोकशाहीचे आजचे दुखणे त्या एका वाक्यात आहे, असे मला वाटते.

चार खांबांचे घर

हॉलंडातील समाज एके काळी चार उभ्या खांबांवर उभा होता. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, समाजवादी आणि उदारमतवादी. खांब हा त्यांचाच शब्द. प्रत्येक खांबाची शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळे, कामगार संघ वेगळा, रेडिओसुद्धा वेगळा. “शेळ्या पाळणाऱ्यांचीही कॅथलिक संघटना निराळी होती,” म्हातारबुवा म्हणाले, “जणू आमच्या शेळ्यांनाही धर्म होता!” १९५४ साली तेथील बिशपांनी फतवाच काढला की, जो कॅथलिक समाजवादी कामगार संघात राहील त्याला चर्चचे संस्कार मिळणार नाहीत, समाजवाद्यांचा रेडिओ नियमाने ऐकणेही निषिद्ध. माझे यजमान त्या वेळी शाळेत जाणारे पोर होते. घरात रेडिओची ती खुंटी कुणी फिरवायची नाही, ही आईची ताकीद त्यांना अजून आठवते.

आपल्याकडील जातीच्या पंचायतीची आठवण व्हावी असाच हा कारभार! त्याचा जाच होता, यात संशय नाही. पण त्याची दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. पक्षाचा माणूस दर महिन्याला वर्गणी घ्यायला दारी येई. तो नुसती वर्गणी नेत नसे. भाडे वाढले, पोराला काम नाही, रस्त्यावर दिवा नाही, हेही घेऊन जाई. वर चार खांबांचे पुढारी एकत्र बसत, घासाघीस करत आणि मार्ग काढत. कुणा एकालाही बहुमत नव्हते, पण राज्य चाले. १९६३ साली एकट्या कॅथलिक पक्षाला १५० पैकी ५० जागा होत्या.

साठीच्या दशकात शिक्षण वाढले, दूरचित्रवाणी आली, चर्चमधली गर्दी ओसरली आणि खांबांना तडे गेले. कॅथलिक पक्षाने जगण्यासाठी दोन प्रॉटेस्टंट पक्षांशी १९८० मध्ये संसार थाटला. त्या तिघांच्या मिळून झालेल्या पक्षाला २०२३ च्या निवडणुकीत मिळालेल्या जागा किती? पाच!

त्या देशात सारा देश म्हणजे एकच मतदारसंघ. शेकडा एकाहूनही कमी मते मिळाली तरी एक जागा पदरात पडते. खांब शाबूत होते तोवर या पद्धतीने काही बिघडले नाही. खांब पडल्यावर मात्र तुकडे झाले. २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकार बनवायला २९९ दिवस लागले. शेजारच्या बेल्जमने तर २०१०-११ मध्ये ५४१ दिवस घेतले होते. एवढ्या दिवसांत आपल्याकडे दोन दिवाळ्या येऊन जातील!

वृद्धाश्रमातील लाच

हॉलंडात वाडा हळूहळू कोसळला. इटलीत तो दोन वर्षांत भुईसपाट झाला. ती हकिगत एखाद्या रहस्यकथेसारखी आहे.

१७ फेब्रुवारी १९९२. मिलान शहरातील एका जुन्या, सरकारी वृद्धाश्रमाचा प्रमुख मारिओ किएझा आपल्या कचेरीत बसला होता. सफाईचे कंत्राट घेणारा एक व्यापारी आत आला आणि त्याने ठरलेल्या लाचेचे सत्तर लाख लिरा पुढे ठेवले. लिराचे मोल फार नव्हे. पण व्यापारी आधीच पोलिसांना भेटून आला होता. किएझा पकडला गेला. तो समाजवादी पक्षाचा माणूस. पक्षाचे नेते आणि माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी हात झटकले : हा एकटाच भुरटा निघाला, पक्षाचा काय दोष? तुरुंगात बसलेल्या किएझाला हे समजले आणि तो बोलू लागला. एक नाव, मग दुसरे, मग शंभर. रस्ता असो, इस्पितळ असो, भुयारी रेल्वे असो. प्रत्येक कंत्राटातून पक्षांना ठरलेला वाटा पोचत होता.

जुलै १९९२ मध्ये क्राक्सी लोकसभागृहात उभे राहिले. पक्षांचा बहुतेक पैसा असाच बेकायदा येतो, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला हे खोटे वाटत असेल त्याने उठून शपथ घ्यावी, असे त्यांनी आव्हान दिले. कुणीही उठले नाही! पुढल्या वर्षी, ३० एप्रिल १९९३ रोजी, रोममध्ये त्यांच्या हॉटेलाबाहेर लोक जमले आणि क्राक्सी दारातून बाहेर पडताच त्यांच्या अंगावर नाण्यांचा पाऊस पाडला. “हे घे, हेही घे!” क्राक्सी ट्युनिशियात पळाले आणि २००० साली तेथेच वारले.

युद्धानंतर प्रत्येक सरकारात असलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष जानेवारी १९९४ मध्ये विसर्जित झाला. समाजवादी त्याच वर्षी संपले. एकेकाळी वीस लाखांवर सभासद असलेला, पश्चिम युरोपातील सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्ष १९९१ मध्येच नाव बदलून बसला होता. पुढे त्याने रोममधला आपला प्रसिद्ध वाडाही सोडला. तो वाडा ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याच्या नावाचा अर्थ ‘काळोखी दुकाने’!

लोकांनी टाळ्या पिटल्या. चोर गेले, आता राज्य स्वच्छ होईल! पण रिकामी गादी रिकामी राहत नाही. तीन दूरचित्रवाणी केंद्रांचे आणि एका फुटबॉल संघाचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी जानेवारी १९९४ मध्ये पक्षाची घोषणा केली. त्याचे नाव फुटबॉलच्या मैदानावरील आरोळीवरून घेतलेले. ‘हो पुढे, इटली’ अशा अर्थाचे. मार्चअखेर ते निवडणूक जिंकले. जुन्या पक्षांना उभे राहायला पन्नास वर्षे लागली होती. नव्याला दोन महिने पुरले.

मालकीचे पक्ष

येथपासून युरोपात एक नवी जात निपजली. तिला मी ‘मालकीचे पक्ष’ म्हणतो. हॉलंडात २०२३ साली ३७ जागा मिळवून पहिला आलेल्या खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाचे सभासद किती असावेत? एक. स्वतः विल्डर्स! आमदार-खासदारही सभासद नाहीत. मग अधिवेशन, ठराव, विरोधी गट यांची कटकटच नको. त्या निवडणुकीनंतर सात महिन्यांनी चार पक्षांचे सरकार बनले, पंतप्रधान कुठल्याच पक्षाचा नसलेला एक सनदी अधिकारी. आणि अकरा महिन्यांत विल्डर्स यांनी पाठिंबा काढताच ते पडले. मी पाहिलेली निवडणूक त्यातूनच आलेली.

इंग्लंडात नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष चक्क कंपनी म्हणून नोंदलेला होता आणि तिचे बहुसंख्य भाग त्यांच्या नावावर होते. २०२५ मध्ये त्यांनी ती मालकी सोडली. फ्रान्सात इमान्युएल माक्रों यांनी एप्रिल २०१६ मध्ये काढलेल्या चळवळीची आद्याक्षरे त्यांच्याच नावाची होती. वर्षभरात ते राष्ट्राध्यक्ष झाले. मी येथे कुणाला चांगले, कुणाला वाईट म्हणत नाही. त्यांच्या मतांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साम्य एवढेच की, घर बांधून मग माणूस राहायला आला नाही. माणूस आधी आला आणि घर त्याच्या अंगाच्या मापाने शिवले.

परतीच्या वाटेवर मी पॅरिसला दोन दिवस उतरलो आणि सोल्फेरिनो रस्त्यावरचा दहा नंबरचा वाडा मुद्दाम पाहिला. मितरां यांच्या काळापासून तो फ्रेंच समाजवाद्यांचा गड होता. २०१२ साली राष्ट्राध्यक्षपद आणि लोकसभा दोन्ही त्यांच्या हाती. २०१७ मध्ये त्यांच्या उमेदवाराला शेकडा साडेसहाच्या आत मते आणि सभागृहात उरले तीसच्या आसपास लोक. खर्च झेपेना, म्हणून त्याच वर्षी वाडा साडेचार कोटी युरोंहून अधिक किमतीला विकावा लागला. पक्ष उपनगरात गेला; वाडा नंतर एका अत्तराच्या कंपनीने घेतला. मी समोरच्या पदपथावर बराच वेळ उभा होतो. रस्त्यावरून माणसे जात होती. एकानेही मान वर केली नाही.

मत कशासाठी?

लोक पक्षांवर रुसले ते केवळ लाचलुचपतीमुळे, असे समजणे चुकीचे होईल. दुसरे कारण अधिक खोल आहे : मत देऊन काही बदलते का?

ग्रीसचे उदाहरण घ्या. देश कर्जात बुडालेला. ५ जुलै २०१५ रोजी सरकारने लोकांना कौल विचारला : धनकोंच्या अटी मान्य आहेत का? शेकडा ६१ लोकांनी ‘नाही’ म्हटले. आठ दिवसांत त्याच सरकारने कडक अटी पत्करल्या. सरकार बेइमान होते असे मी म्हणत नाही. बँका बंद होत्या आणि तिजोरीत खडखडाट होता. नाणे स्वतःचे नाही, व्याजाचा दर स्वतःच्या हाती नाही, अंदाजपत्रकाला ब्रुसेल्सची चौकट; अशा स्थितीत डावा आला काय नि उजवा आला काय! त्याच देशातील पासोक हा समाजवादी पक्ष २००९ मध्ये शेकडा ४४ मते घेऊन सत्तेवर आला होता. २०१५ च्या जानेवारीत त्याला पाचही मिळाली नाहीत.

पीटर मेअर या आयरिश राज्यशास्त्रज्ञाने हे दुखणे नेमके ओळखले होते. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये निघाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, पक्ष समाजातून उठून सरकारात जाऊन बसले आणि नागरिक आपापल्या घरात जाऊन बसले. मधली ओसरी ओस पडली. इंग्लंडच्या हुजूर पक्षाचे १९५० च्या दशकात पंचवीस लाखांवर सभासद होते. २०२४ मध्ये नेता निवडताना मतदार सभासद भरले सव्वा लाखाच्या थोडे वर. जर्मन समाजवाद्यांचे १९७६ मध्ये दहा लाख सभासद होते, ते आता चार लाखांच्या खाली आले आहेत. वर्गणी आटली, तेव्हा सरकारी अनुदान आले. आणि अनुदान आल्यावर दारोदार जाण्याची गरज उरली नाही.

कुलूप आतून लागते

रिकाम्या ओसरीचा धोका काय, हे हंगेरीने दाखवले. १६ जून १९८९ रोजी बुडापेस्टच्या वीरचौकात, १९५८ मध्ये फाशी गेलेले पंतप्रधान इम्रे नॉज यांच्यावर सन्मानाने पुन्हा अंत्यसंस्कार होत होते. सव्वीस वर्षांचा एक दाढीवाला तरुण बोलायला उठला आणि त्याने रशियन फौजांनी चालते व्हावे असे लाखोंसमोर सांगितले. त्याचे नाव व्हिक्टर ओर्बान. त्याचा फिदेस पक्ष विद्यार्थ्यांनी वर्षभरापूर्वी काढलेला. पस्तिशीच्या वरच्याला त्यात प्रवेश नव्हता!

२०१० मध्ये त्याच ओर्बान यांना शेकडा ५३ च्या आसपास मते पडली आणि जागा मिळाल्या दोन-तृतीयांशांहून अधिक. तेथे एवढ्या बहुमतात घटना बदलता येते. पुढल्याच वर्षी नवी घटना झाली, मतदारसंघ नव्याने आखले गेले, सभागृह ३८६ वरून १९९ वर आणले. २०१४ मध्ये मते घटून ४५ टक्क्यांच्या आत आली; जागा मात्र १३३, म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश! २०१८ मध्ये चारशेहून अधिक वर्तमानपत्रे आणि वाहिन्या सरकारस्नेही मालकांनी एका प्रतिष्ठानाला दान केल्या. रणगाडे आले नाहीत, पहाटे कुणाच्या दारावर थाप पडली नाही. सारे कायद्याने, मतपेटीतून झाले. २०२२ पर्यंत चारही निवडणुका तोच पक्ष जिंकत गेला. समाजवाद्यांचा जुना पक्ष आधीच आपल्या करणीने बदनाम झाला होता. कुलूप आतून लावले जात होते तेव्हा दार धरून ठेवायला बाहेर कुणी उरले नव्हते.

याचीच धास्ती जर्मनीने घेतलेली आहे. १९२८ मध्ये शेकडा तीनाच्या आत मते असलेला नाझी पक्ष जुलै १९३२ मध्ये ३७ वर गेला. आणि जुलै १९३३ मध्ये दुसरा पक्ष काढणे हाच गुन्हा ठरला. म्हणून १९४९ च्या घटनेत पथ्ये आली : लोकशाही उलथू पाहणाऱ्या पक्षावर न्यायालय बंदी घालू शकते, नवा चॅन्सेलर निवडल्याखेरीज जुन्याला काढता येत नाही, आणि पुढे निवडणूक कायद्याने आणखी एक, पाच टक्क्यांखालच्या पक्षाला सहसा जागा नाहीत. या पथ्यांनी सत्तर वर्षे प्रकृती ठीक राहिली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये २०१३ साली जन्मलेला कडवा एएफडी पक्ष शेकडा २०.८ मतांनी दुसरा आला आणि समाजवादी १६.४ वर घसरले. पथ्याने रोग लांबतो. भूक पथ्याने लागत नाही.

माझी वर्गणी

मतदानाच्या रात्री पुतण्याशी वाद झाला. तो म्हणाला, “काका, पक्ष हवेतच कशाला? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. दर रविवारी प्रश्न विचारा, हो-नाही दाबा. संपलं!”

मी म्हटले, “निवृत्तिवेतन वाढवावे का, विचार, सगळे ‘हो’ दाबतील. कर वाढवावा का, विचार. सगळे ‘नाही’ दाबतील. या दोन उत्तरांची गाठ कोण मारणार? हजार मागण्यांची मोट बांधायची, त्यातल्या निम्म्या आपल्याच माणसाला ‘आत्ता नाही’ म्हणून समजवायच्या, आणि पाच वर्षांनी त्याचा जाब द्यायला त्याच ओट्यावर यायचे. हे काम मोबाईल करत नाही. हे काम पक्षाचे.”

“पण पक्ष ते करतात कुठे?” तो म्हणाला.

मला उत्तर सुचले नाही. कारण खरे उत्तर मला ठाऊक होते आणि ते माझ्या अंगावर येत होते. आमच्या तालुक्यात एका निवडणुकीत तिकीट बाहेरून आलेल्या एका पैसेवाल्याला मिळाले. मी आणि माझ्यासारखे तीसचाळीस जण रागाने घरी बसलो. आमचा राग खरा होता. पण आम्ही वर्गणी बंद केली, बैठकीला जाणे सोडले. त्यानंतर त्या पैसेवाल्याला ‘का?’ म्हणून विचारणारे तालुक्यात कुणी राहिले नाही. पाच वर्षांत पक्षाची कचेरी गेली, तेथे कापडाचे दुकान आले. इतकी वर्षे मी अभिमानाने सांगत आलो की, मी घाण सोडून बाहेर पडलो. आयंडहोवनच्या त्या रात्री प्रथमच वाटले की, मी घाण नव्हे, घर सोडले.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा दाखला देऊन बजावले होते की, कितीही थोर पुरुष असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नका. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते. युरोपात आज भक्त वाढले आहेत असे मला दिसले नाही. सभासद तेवढे संपले आहेत. आणि सभासद संपले की पुढाऱ्याला भक्तांचीही गरज पडत नाही.

निकालात दोन पक्षांना प्रत्येकी २६ जागा मिळाल्या. १५० मध्ये त्याहून अधिक कुणालाच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कडबोळ्यांची पुडी घेऊन शेजारी गेलो आणि विचारले, “तुम्ही कधी एखाद्या पक्षाचे सभासद होता?”

“नाही,” ते म्हणाले, “वडील होते.” मग जरा थांबून, कडबोळे मोडीत त्यांनी मलाच विचारले, “आणि तुम्ही?”

मी ‘होतो’ म्हटले. ‘आहे’ म्हणता आले असते तर बरे झाले असते.